अनावश्यक दुरुस्ती : गॅरेज, ग्राहक आणि कायदा

गाडीच्या दुरुस्तीचा व्यवहार इतर बहुतेक खरेदी-विक्रीपासून मुळातच वेगळा ठरतो, कारण गाडीत नेमका कोणता बिघाड आहे हे सांगणारी आणि तो दूर करण्याचे पैसे घेणारी व्यक्ती येथे एकच असते, आणि तिने सांगितलेले खरे होते की नाही हे पडताळण्याचे साधन ग्राहकाकडे दुरुस्तीपूर्वी तर नसतेच, पण दुरुस्तीनंतरही बहुधा नसते. ब्रेक लावताना येणारा आवाज थांबला म्हणजे काम झाले एवढे ग्राहकाला कळते. परंतु केवळ ब्रेक पॅड बदलूनही तो थांबला असता की सोबत बदललेल्या डिस्कची खरोखरच गरज होती, हे त्याला कधीच कळत नाही. फसवणुकीला जागा मिळते ती याच ठिकाणी, आणि म्हणून या प्रश्नाचा विचार मेकॅनिकच्या नीतिमत्तेपासून नव्हे, तर व्यवहाराच्या रचनेपासून सुरू करावा लागतो.

अर्थशास्त्रज्ञांनी या रचनेचा बारकाईने अभ्यास केला आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन वर्ग पाडले : साडीच्या पोतासारखे ज्यांचे गुण खरेदीपूर्वीच पारखता येतात त्यांचा एक, आणि आंब्याच्या गोडीप्रमाणे ज्यांचे गुण वापरल्यानंतर कळतात त्यांचा दुसरा. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये त्यांत तिसऱ्या वर्गाची भर घातली. या वर्गातील वस्तूचा किंवा सेवेचा खरा दर्जा वापरानंतरही सामान्य ग्राहकाला ठरवता येत नाही, आणि त्याला तज्ज्ञाच्या शब्दावर विसंबावे लागते. अशा सेवांना मराठीत विश्वासाश्रित सेवा म्हणता येईल. वाहनदुरुस्ती हे या वर्गाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. स्वतःचे औषधांचे दुकान असलेल्या डॉक्टरने लिहून दिलेल्या लांबलचक चिठ्ठीबाबत रुग्णाच्या मनात जी शंका येते, तीच शंका येथे प्रत्येक बिलाच्या वेळी येण्याजोगी असते, आणि ती प्रामाणिक कारागिरावरही अन्याय करते.

या क्षेत्रातील गैरव्यवहार तीन प्रकारचा असतो. पहिला प्रकार म्हणजे अतिदुरुस्ती : जे काम करण्याची गरज नाही ते करणे, आणि खरोखर केल्यामुळे त्याचे पैसेही रीतसर घेणे. दुसरा प्रकार खोट्या आकारणीचा : न केलेल्या कामाची किंवा न बसवलेल्या सुट्या भागाची रक्कम बिलात लावणे, अथवा कंपनीच्या मूळ भागाचा दर लावून बाजारातला नकली भाग बसवणे. तिसरा प्रकार अपुऱ्या दुरुस्तीचा असून त्याची चर्चा सर्वांत कमी होते, वास्तविक धोका मात्र त्यातच सर्वाधिक असतो, कारण वरवरचे फायदेशीर काम उरकताना सैल झालेला बॉल जॉइंट किंवा गळणारी ब्रेकची नळी नजरेतून सुटली, तर त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही. हेन्री श्नायडर यांनी अमेरिकेत मुद्दाम काही दोष ठेवलेली गाडी अनेक गॅरेजांत नेऊन जो प्रयोग केला आणि ज्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात यांपैकी पहिला आणि तिसरा असे दोन्ही प्रकार आढळले : काही ठिकाणी गरज नसलेली कामे सुचवली गेली आणि अनेक ठिकाणी प्रत्यक्षात असलेले दोष हेरलेच गेले नाहीत. अप्रामाणिकपणा आणि अकौशल्य यांतील सीमारेषा ग्राहकाला बाहेरून दिसत नाही, ही गोष्ट या प्रयोगाने ठळक केली.

अशा तपासण्यांची परंपरा जुनी आहे. १९४१ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ने सुस्थितीतील एका गाडीच्या इंजिनातील कॉइलची तार मुद्दाम सुटी करून ती गाडी अमेरिकेतील ३४७ गॅरेजांत दाखवली, आणि त्यांपैकी ६३ टक्के ठिकाणी ग्राहकाची कोणत्या ना कोणत्या प्रकारे फसवणूक झाल्याचे नोंदवले. तार पुन्हा जोडणे हे मिनिटभराचे काम होते. तथापि या प्रश्नाचे मूळ उलगडून दाखवणारे प्रकरण त्यानंतर अर्धशतकाने कॅलिफोर्नियात घडले, आणि ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

कॅलिफोर्निया राज्याने १९७१ मध्ये वाहनदुरुस्तीसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ‘ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर’ हे सरकारी कार्यालय स्थापन झाले. ग्राहकांच्या तक्रारी वाढल्यावर या कार्यालयाच्या कर्मचाऱ्यांनी सामान्य ग्राहक बनून ‘सीअर्स’ या विख्यात दुकानसाखळीच्या वाहनदुरुस्ती केंद्रांत गाड्या नेल्या. या गाड्यांचे ब्रेक झिजलेले होते, बाकीचे भाग मात्र आधीच तपासून ठीक असल्याची खात्री केलेली होती. तरीही पहिल्या ३८ भेटींपैकी ३४ भेटींत गरज नसलेली कामे गळ्यात मारली गेली आणि स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर, ब्रेकचे कॅलिपर असे धडधाकट भाग बदलण्यात आले. जून १९९२ मध्ये राज्य सरकारने जाहीर आरोप केल्यानंतर पुढे आलेली माहिती अधिक महत्त्वाची होती, कारण या केंद्रांत फसवणूक करणाऱ्या व्यक्तींची टोळी जमली होती असे तीतून दिसले नाही. विक्री घटल्यामुळे कंपनीने १९९० च्या सुमारास सल्लागारांना विक्रीवर कमिशन देणे सुरू केले होते आणि ठरावीक पाळीत ठरावीक कामे विकण्याची उद्दिष्टे लावून दिली होती. उद्दिष्ट गाठण्याइतके खरे बिघाड ज्या दिवशी आले नाहीत, त्या दिवशी ते शोधून काढले गेले. कंपनीचे अध्यक्ष एडवर्ड ब्रेनन यांनी वेतनाच्या या पद्धतीमुळे चुका घडण्यासारखे वातावरण निर्माण झाल्याचे मान्य केले, सल्लागारांचे कमिशन बंद करण्यात आले आणि तडजोडीत ग्राहकांना ५० डॉलरची कुपने द्यावी लागली.

हे प्रकरण परदेशातले असले, तरी त्यातील यंत्रणा भारतातील वाहनधारकाला अनोळखी वाटणार नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी ताब्यात घेणारा सर्व्हिस अॅडव्हायझर हा बहुधा मेकॅनिक नसतो. त्याचे काम ग्राहकाशी बोलून जॉब कार्ड, म्हणजे गाडीवर करावयाच्या कामांचा कागद, भरणे हे असते. त्याच्या मासिक कामगिरीचा हिशेब किती मूल्यवर्धित सेवा विकल्या गेल्या यावर होत असेल, तर इंजिन फ्लश, टेफ्लॉन कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, इंधनात घालावयाची द्रव्ये, सायलेन्सरचे कोटिंग ही यादी जॉब कार्डावर कशी वाढत जाते हे वेगळे सांगावे लागत नाही. या सेवांतील प्रत्येक सेवा निरुपयोगीच असते असे म्हणणे चुकीचे होईल. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात वापरल्या जाणाऱ्या गाडीला खालच्या बाजूने गंजरोधक थर देण्यात अर्थ आहे. तोच थर सोलापूरच्या कोरड्या हवेत वापरल्या जाणाऱ्या गाडीवर दर वर्षी देण्यात तेवढा अर्थ नाही. गाडीसोबत मिळणाऱ्या मालकपुस्तिकेत कोणते काम किती किलोमीटरनंतर किंवा किती महिन्यांनी करावे याचे कोष्टक असते, आणि जे काम त्या कोष्टकात नाही व ज्यासाठी गाडीत कोणतेही लक्षण दिसत नाही, ते का करायचे हे सांगण्याची जबाबदारी सुचवणाऱ्यावर असली पाहिजे.

नाक्यावरच्या छोट्या गॅरेजचे अर्थकारण वेगळे असले, तरी त्यालाही स्वतःचे दडपण आहे. येथे ग्राहक मजुरीवर घासाघीस करतो, सुट्या भागाची किंमत मात्र मुकाट्याने देतो, कारण भाग ही डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे आणि निदान करण्यात गेलेले दोन तास दिसत नाहीत. सैल झालेले अर्थिंग शोधून ते घट्ट करणाऱ्या कारागिराला पन्नास रुपये देतानाही लोक कुरकुरतात, आणि तोच कारागीर अल्टरनेटर बदलून हजारो रुपयांचे बिल करतो तेव्हा ते निमूटपणे भरतात. या सवयीचा परिणाम असा होतो, की ज्याला बिघाड अचूक ओळखता येतो त्याला त्या कौशल्याचा मोबदला मिळत नाही आणि भागांवरील नफ्यातूनच त्याला आपले उत्पन्न काढावे लागते. निदानाचे पैसे वेगळे ठरवून ते आनंदाने देणारा ग्राहक हा प्रत्यक्षात स्वतःचाच फायदा करतो, कारण त्यामुळे भाग विकण्याचे कारण कमी होते.

आता काही नेहमीच्या कामांचा तपशील पाहू, कारण अनावश्यक आणि आवश्यक यांतील फरक बहुतेक ठिकाणी मोजमापाने ठरतो आणि ते मोजमाप मागण्यासाठी अभियांत्रिकीच्या पदवीची गरज नसते. डिस्क ब्रेकच्या नव्या पॅडवरील घर्षणाचा थर सामान्यतः १० ते १२ मिलिमीटर जाड असतो आणि तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलणे योग्य ठरते. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. ‘ब्रेक गेलेत’ या विधानापेक्षा ‘पुढच्या डाव्या पॅडची जाडी ४ मिलिमीटर’ हे विधान तपासता येते, आणि ते जॉब कार्डावर लिहिले गेले की पुढच्या सर्व्हिसच्या वेळी त्याची तुलनाही करता येते. टायरच्या खाचांमध्ये झीज दाखवणारे लहान उंचवटे असतात. खाचांची खोली १.६ मिलिमीटर उरली की रबर त्या उंचवट्यांच्या पातळीला येते आणि टायर बदलावाच लागतो. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतो, म्हणजे २३२४ याचा अर्थ २०२४ मधील तेविसावा आठवडा. ‘नवा’ म्हणून बसवला जाणारा टायर प्रत्यक्षात किती जुना आहे हे त्यावरून कळते.

व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन ठरवून दिलेल्या मर्यादेत आणणे, हे काम यंत्रावर होते आणि ते यंत्र कामापूर्वीचे व कामानंतरचे कोन कागदावर छापून देऊ शकते. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर असमान झिजत असतील किंवा स्टिअरिंग सरळ असताना गाडी सरळ जात नसेल, तर हे काम हवेच. छापील कागद न देता दर सर्व्हिसला ते बिलात येत असेल, तर प्रश्न विचारला पाहिजे. बॅटरीचेही तसेच आहे. बंद गाडीच्या पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो आणि इंजिन सुरू असताना तो साधारण १३.५ ते १४.५ व्होल्टपर्यंत जातो. इंजिन सुरू असूनही दाब वाढत नसेल, तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटरमध्ये किंवा जोडण्यांत असण्याची शक्यता अधिक, आणि अशा वेळी नवी बॅटरीही काही दिवसांत बसते.

एसीच्या बाबतीत होणारी दिशाभूल विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. एसीतील वायू हा इंधनाप्रमाणे जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. अनेक वर्षांत रबरी जोडण्यांतून तो थोडासा झिरपतो हे खरे, परंतु दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे त्याच दोषाचे पैसे दर वर्षी देणे होय. इंजिन ऑइलबाबत याच्या उलट घडते. डिपस्टिकवर काळे झालेले ऑइल दाखवून ग्राहकाला घाबरवले जाते, मात्र चांगल्या ऑइलमधील स्वच्छता करणारी द्रव्ये काजळी धरून ठेवतात आणि म्हणूनच, विशेषतः डिझेल इंजिनात, ते लवकर काळे दिसते. ऑइल बदलण्याचा निकष पुस्तिकेतील अंतर व मुदत हा आहे. ब्रेक ऑइल मात्र रंगावरून निर्धोक मानू नये, कारण ते हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि कसारा किंवा आंबोलीसारख्या घाटातील लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ तयार होऊन पेडल निकामी होऊ शकते. ते साधारण दोन वर्षांनी बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो पैसे उकळण्यासाठी दिलेला आहे असे समजणे धोक्याचे ठरेल. प्रत्येक सूचनेकडे संशयाने पाहणारा ग्राहकही अखेर स्वतःचेच नुकसान करतो.

नव्या गाड्यांनी या प्रश्नाला आणखी एक वळण दिले आहे. गाडीतील संगणक सेन्सरांकडून आलेली माहिती तपासतो आणि काही विपरीत दिसल्यास सांकेतिक क्रमांक नोंदवून डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा लावतो. गॅरेजमधील स्कॅनर हा क्रमांक वाचतो. येथे एक गैरसमज सर्रास पसरवला जातो, तो असा की हा क्रमांक कोणता भाग बदलायचा ते सांगतो. वस्तुतः तो केवळ कोणत्या परिपथात किंवा प्रक्रियेत अपेक्षेपेक्षा वेगळे मूल्य आले एवढेच सांगतो. ऑक्सिजन सेन्सरशी संबंधित क्रमांक आला म्हणून तो महागडा सेन्सर बदलला जातो, आणि प्रत्यक्षात हवेच्या नळीला पडलेली भेग किंवा उंदराने कुरतडलेली वायर तशीच राहते. क्रमांक वाचल्यानंतर पुढील तपासणी कोणती केली, हे विचारणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांतील डीपीएफ हे याचे सर्वांत खर्चिक उदाहरण आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या या मानकासाठी डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी ही गाळणी बसवली जाते, आणि साचलेली काजळी ठरावीक तापमानाला जाळून ती स्वतःला मोकळी करते. या प्रक्रियेला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी काही काळ सलग चांगल्या वेगाने चालावी लागते. पुण्या-मुंबईच्या वाहतुकीत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही, गाळणी तुंबते आणि दिवा लागतो. काजळी जळते, परंतु ऑइलमधून आलेली राख जळत नाही. त्यामुळे गाळणीत काजळी किती आणि राख किती, तसेच गाळणीच्या दोन बाजूंतील दाबाचा फरक किती, हे स्कॅनरवर पाहिल्याशिवाय ती बदलायची की मोकळी करायची हे ठरवता येत नाही. वर्कशॉपमध्ये यंत्राच्या साहाय्याने रिजनरेशन घडवण्याचा खर्च आणि नव्या गाळणीचा खर्च यांत फार मोठी तफावत असते, आणि घाईने दिलेला होकार येथे सर्वांत महाग पडतो.

विम्यातून होणारी दुरुस्ती फुकट असते, ही समजूतही अतिदुरुस्तीला पोसते. अपघातानंतर पैसे विमा कंपनी देणार असल्याने गॅरेज कामे वाढवते आणि गाडीमालक हरकत घेत नाही. तथापि शून्य-घसारा संरक्षण नसलेल्या पॉलिसीत रबर व प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी किंमत घसाऱ्यापोटी मालकालाच द्यावी लागते, शिवाय दावा केल्याने नो क्लेम बोनस, म्हणजे दावारहित वर्षांसाठी मिळणारी सवलत, बुडते. ही सवलत पाच वर्षांत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाते. लहानशा ओरखड्यासाठी दावा करून मोठी सवलत गमावण्याचा सल्ला देणाऱ्यावर त्या नुकसानाचा भार पडत नाही.

फसवणूक कोणाची अधिक होते, यावरही संशोधन झाले आहे. मेघन बुसे, अयलेट इस्राएली आणि फ्लोरियन झेटेलमायर यांनी अमेरिकेतील गॅरेजांना दूरध्वनी करवून रेडिएटर बदलण्याचा दर विचारला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, दराची काहीच माहिती नसल्याचे जाणवू देणाऱ्या स्त्रियांना तशाच पुरुषांपेक्षा अधिक दर सांगितला गेला, मात्र अपेक्षित दराचा आकडा फोनवर उच्चारल्याबरोबर हा फरक नाहीसा झाला. यातून निघणारी गोष्ट व्यवहारात उपयोगी आहे : सविस्तर तांत्रिक ज्ञान नसले तरी चालते, केवळ त्या कामाचा प्रचलित दर आधी दोन ठिकाणी विचारून ठेवला आणि तो बोलून दाखवला, तरी बोलणी बदलतात. आपल्याकडे एकट्या स्त्रीने गाडी गॅरेजमध्ये नेली, की घरातील पुरुषाला फोन लावायला सांगणारे लोक भेटतात. त्याऐवजी तिच्या हातात दराचा आकडा असणे अधिक कामाचे.

काम सुरू होण्यापूर्वीचा कागद हे ग्राहकाचे खरे बळ आहे. जॉब कार्डावर ग्राहकाने सांगितलेले लक्षण त्याच्याच शब्दांत लिहिले जावे : ‘तिसऱ्या गिअरमध्ये चढावर खडखड’ असे लिहिलेले असेल, तर खडखड गेली की नाही हे तपासता येते, ‘क्लच काम’ असे लिहिलेले असेल, तर क्लच बदलला एवढाच प्रश्न उरतो. अंदाजपत्रकात, म्हणजे एस्टिमेटमध्ये, भाग आणि मजुरी वेगळी दाखवलेली असावी. अंदाजाबाहेरचे कोणतेही काम फोनवर किंवा संदेशाने विचारल्याशिवाय करू नये हे तेथेच नोंदवावे, आणि काढलेले जुने भाग परत हवेत हेही आधीच सांगावे, कारण नंतर मागितल्यास ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळते. वॉरंटीत बदललेले भाग कंपनीकडे परत जातात आणि जुनी बॅटरी बदल्यात दिली की ती दुकानदाराची होते, हे अपवाद वाजवी आहेत. तेव्हाही भाग पाहण्याची मागणी करता येते. वेष्टनबंद सुट्या भागाच्या डब्यावर कमाल विक्री किंमत आणि निर्मात्याचे नाव छापलेले असते, म्हणून बिलासोबत डबाही मागावा. पुण्यातील नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड येथील सुट्या भागांच्या बाजारांत तोच भाग मूळ कंपनीचा, त्या कंपनीला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाचा आणि स्थानिक नावाचा अशा तीन दरांत मिळू शकतो. यांपैकी दुसरा पर्याय पुष्कळदा चांगला असतो. गैर आहे ते तिसऱ्याला पहिल्याचा दर लावणे.

सुट्या भागांच्या या बाजाराला आणखी एक बाजू आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण मूळ सुटे भाग आणि निदानाची साधने त्यांनी स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणाने उपलब्ध होऊ दिली नव्हती. या आदेशाला पुढे आव्हाने दिली गेली, परंतु त्यातील विश्लेषण मोलाचे आहे : एकदा गाडी घेतली की ग्राहक त्या कंपनीच्या भागांच्या बाजारात बांधला जातो, आणि दुसऱ्या गॅरेजला साधनेच मिळत नसतील, तर दुसरे मत घेण्याचा मार्गच बंद होतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. त्यावर माहिती देणे आणि ती मिळवण्याचा कायदेशीर हक्क देणे यांत अंतर आहे, व ते अंतर अजून भरून निघालेले नाही.

दाद मागण्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. गॅरेजने केलेली निष्काळजी किंवा अपुरी दुरुस्ती ही सेवेतील त्रुटी ठरते; बिल न देणे ही तर या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘जीएसटीसह हवे असेल तर इतके, नाहीतर इतके’ या प्रस्तावाला होकार देऊन थोडी रक्कम वाचवणारा ग्राहक पुढे तक्रारीसाठी लागणारा मुख्य पुरावाच सोडून देतो. पहिली पायरी म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेथे तडजोड झाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही, वकील नेमण्याची सक्ती नसते, व तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची असते. अन्य गॅरेजमधील तंत्रज्ञाचा लेखी अभिप्राय, काढलेला भाग, छायाचित्रे आणि जॉब कार्डाची प्रत नसेल, तर खरी तक्रारही अनेकदा सिद्ध होत नाही.

वाद झाल्यावर गॅरेजवाला गाडी अडवून ठेवतो, तेव्हा १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १७० चा आधार घेतला जातो. ज्या हेतूने वस्तू सोपवली त्या हेतूला धरून श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला आपला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क हे कलम देते. मात्र जे काम करायला सांगितलेच नव्हते ते सोपवण्याच्या हेतूत बसत नाही, असा मुद्दा ग्राहकाला मांडता येतो, आणि लेखी मंजुरीचे महत्त्व येथे पुन्हा दिसते. गाडीची निकड असेल, तर बिलावरच ‘निषेध नोंदवून रक्कम भरली’ असे लिहून, त्याचे छायाचित्र काढून पैसे भरणे आणि नंतर दाद मागणे हा मार्ग उरतो.

कॅलिफोर्नियात लेखी अंदाज, वाढीव कामासाठी मंजुरी आणि मागणी केल्यास जुने भाग परत करणे ही गॅरेजवरील कायदेशीर बंधने आहेत, आणि नोंदणीशिवाय तेथे गॅरेज चालवता येत नाही. भारतात दुरुस्तीच्या व्यवहाराला लागू होणारा असा खास कायदा नाही, त्यामुळे प्रत्येक ग्राहकाला सामान्य तरतुदींतून आपला मार्ग स्वतः काढावा लागतो. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आणि महाराष्ट्रातील अन्य ग्राहक संघटना यांनी वाहनदुरुस्तीसाठी एक साधा, सक्तीचा, मराठीतील जॉब कार्डाचा नमुना राज्य सरकारकडे मागितला, तर त्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज भासणार नाही. त्याचा सर्वाधिक लाभ रिक्षा, टॅक्सी आणि टेम्पो चालवणाऱ्यांना होईल. गाडी व्यवसायासाठी असल्याने आपण ग्राहक ठरत नाही असे त्यांना अनेकदा सांगितले जाते, पण कायद्यातील स्पष्टीकरणानुसार स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वाहन चालवणारा मालक हा ग्राहकच असतो. आणि गाडी अनावश्यक कामासाठी गॅरेजमध्ये अडकली, तर दुरुस्तीच्या बिलाबरोबर बुडालेल्या रोजच्या कमाईचा हिशेबही त्याला आयोगापुढे मांडता येतो.